बाबांची तपासणी

स्टुलाला ठेचकाळून ती कळवळली.

“बाबा, हे परत वाटेत ठेवलंत?”

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. आधी स्टुलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“लागलं का गं?” एवढंच विचारून त्यांनी उठून स्टूल भिंतीशी सरकवलं.

तिचं डोकं फिरलं. सकाळी शाळेची मुलं गाडीतून पोचवायची, दुपारी परत आणायची, आणि घरी हा ताप. काल पाण्याचा पेला टेबलाच्या कडेला ठेवला. तिचा हात लागून फुटला. परवा कपाटाचं दार उघडं टाकलं. तिच्या कपाळाला टेंगूळ. स्वतःला दिसत नाही, आणि कबूल करतील तर शपथ!

जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेली. डोळे शाबूत राहतील कसे?

“डोळे दाखवून या,” असं ती कधीपासून बजावत होती.

“माझं बरं चाललंय.”

“आजीचंही बरंच चाललं होतं. कडेकडेनं नजर गेली तरी तिला पत्ता नव्हता. असलं घराण्यात असतं, बाबा.”

“असतं खरं,” ते म्हणाले.

त्याच आठवड्यात त्यांनी आपणहून फोन करून डॉक्टरांची वेळ घेतली. अट एकच, तिनेही आत यायचं.

गाडीत बाबा तिच्या शेजारी बसले आणि सूचना सुरू झाल्या.

“डावीकडून सायकल येतेय.”

“दिसतेय मला.”

“ती बाई उतरतेय बघ रस्त्यावर.”

“गाडी मी चालवतेय ना?” म्हणता म्हणता तिला करकचून ब्रेक दाबावा लागला. बाई हातवारे करत पुढे गेली. “बघा! तुमच्या बडबडीनं लक्ष उडतं माझं.”

बाबांनी गुडघ्यावर मूठ आवळून धरली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्यांनी तिचा दंड घट्ट धरला, तो आत पोचेपर्यंत. तिला दया आली आणि संतापही. इतकं होईपर्यंत थांबायचं कशाला?

आत डॉक्टरीणबाईंसमोर तिने सगळा पाढा वाचला. स्टूल, पेला, कपाटाचं दार, काही सोडलं नाही.

“सांगून सांगून तोंडाला फेस आला माझ्या. आता तुम्हीच समजवा यांना.”

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमच्या बाबांचे डोळे मी परवाच तपासले,” त्या म्हणाल्या. “ठणठणीत आहेत.”

“परवा? मग आज कशाला आलोय आपण?”

बाबांनी तपासणीची खुर्ची तिच्याकडे वळवली. “बस जरा. माझ्यासाठी.”

“बाबा, माझ्या गाडीतल्या मुलांची शाळा सुटायची वेळ होईल.”

“बस गं, राणी.” त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती धुसफुसत बसली. डॉक्टरीणबाई तिच्या पुढ्यात आल्या आणि त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले.

“माझ्या नाकाकडे बघत राहा. नजर हलवायची नाही. आता सांगा, किती बोटं हलतायत?”

“कुठली बोटं?” तिने विचारलं.