डोहातले पाहुणे

"जाळं टाकू नगंस पोरी, खडस रुसतोय," देवळाची झाडलोट करणाऱ्या गोदाक्कांनी बजावलं होतं. केतकीनं ते हसण्यावारी नेलं.

दुर्मिळ खडस मासा कुठे कुठे उरलाय, याचा नकाशा ती करत होती. सगळी नदी पालथी घातली, एक ठिपकाही मिळाला नाही. देवळाखालचा हा शेवटचा डोह. इथेही नसला, तर खडस या नदीतून संपला, असंच लिहावं लागणार होतं.

जाळं रिकामंच वर आलं. झाडाला बांधलेल्या झोळीतली लेक रडायला लागली. केतकीचा अर्धा जीव तिच्यात, अर्धा पाण्यात.

"आण तिला इकडं," म्हणत अक्कांनी लेकीला मांडीवर घेतलं, पायरीवर काठी आपटली आणि मूठभर भात पाण्यात सोडला. "या रं, पावनी आलीया!"

पाणी उकळल्यासारखं हललं. हातभर लांबीचे, सोनेरी खवल्यांचे खडस अक्कांच्या पायाशी दाटले. लेक रडायची थांबली. केतकीचे मात्र डोळे भरले.

"रोज जेवतात तुमच्याकडे?"

"माझ्या आधी जेवत्यात."

नकाशावर आता एक ठिपका आहे. अक्का तिथे एकट्याच असतात, पायऱ्या निसरड्या आहेत. त्या डोहावर कधी गेलात, तर माशांआधी अक्कांना हाक मारा. ओ येते का, तेवढं बघा.