पडताळ्याचा आकडा

उद्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि माझा ओळखपत्र क्रमांक कुठेच घेत नव्हते. आईला घेऊन ओळखपत्राच्या कार्यालयात गेले.

"सोपं आहे, ताई," खिडकीमागचा कारकून म्हणाला. "पहिले सहा आकडे जन्मतारखेचे. पुढचे तीन, त्या दिवशी तुम्ही कितव्या जन्मलात त्याचे. शेवटचा पडताळ्याचा, तो आधीच्या नऊ आकड्यांवरून निघतो. तुमचा निघत नाही."

"अहो, इतकी वर्षं बरा निघत होता!"

त्याने कागदावर पुन्हा गणित मांडलं. मग एकेक तारीख बदलून बघू लागला. बऱ्याच वेळाने पडद्यावर हिरवी खूण उमटली.

तारीख आजची होती.

मला हसू आलं. तो हसला नाही.

"आई, तू तरी सांग यांना, माझा जन्म कधीचा ते."

आई माझ्याकडे टक लावून बघत होती. आधी कधीच न पाहिल्यासारखी, कौतुकाने.

कारकुनाने कोरा अर्ज पुढे ओढला आणि माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "नाव काय ठेवताय?"

आई विचार करू लागली.