सर्व्हलच्या अंगावरचा काटा

"मालूताई, हे काय करून ठेवलंत?" नामिबियातल्या विंडहूक शहरात मालूताईंचं शिकारीची कातडी जपून देण्याचं दुकान होतं; तिथे शिरताच आबा भोइटे करवादले. "पाहुण्यांनी हात लावला की लोण्यासारखं मऊ, आणि मी जवळ गेलो की काटा!"

आबांनी मारलेल्या सर्व्हलचं, त्या मोठ्या कानांच्या रानमांजराचं, कातडं त्यांची नात इरा पोटाशी धरून उभी होती. हल्ली मारलेल्या शिकारीचं कातडं असं जिवंत जपायची रीत होती. रोज खुराकाचे चार थेंब दिले की कातडं उबदार राही.

आबा पुढे सरकले आणि कातड्यावरचे केस ताठ उभे राहिले. इरा मागे सरली. "ते तुम्हाला भितं. मीपण भिते."

आबांचा चेहरा उतरला. शिकार घरी आल्यापासून नात मांडीवर बसली नव्हती.

मालूताईंना आपली चूक उमगली. नाक सुकू नये म्हणून त्यांनी मायेपोटी नाकातल्या नसा जिवंत ठेवल्या होत्या, आणि त्या नसा मारणाऱ्याचा वास विसरल्या नव्हत्या.

"एक सुई टोचली की ओळख पुसेल," त्या म्हणाल्या. "पण भगवंताने मागे ठेवलेली एवढीशी धुगधुगीही जाईल. उरेल ते नुसतं चामडं."

आबांनी सुई उचलली. इराने डोळे घट्ट मिटले. आबांनी सुई परत ठेवली आणि ते दाराशी जमिनीवर बसले. केस जरासे खाली आले.

"अजून मागे, आबा."

पाठ भिंतीला टेकेपर्यंत आबा सरकले. केस आडवे झाले. इराने कातडं हळूच टेबलावर ठेवलं आणि धावत जाऊन ती आबांच्या मांडीत बसली.

"घाबरू नकोस गं," ती तिथूनच सर्व्हलला म्हणाली, "मी धरून ठेवलंय त्यांना."