एकोणसाठावी बाई

"वय?"

"चोवीस," कारकुनाने यादीत बघून सांगितलं.

डॉक्टरने टेबलावरच्या बाईकडे बघितलं. केस पांढरेफटक. तोंडात दात तीन-चार. पोटाची कातडी सुकलेल्या आमसुलासारखी.

"ही चोवीस?"

"कातकरी लवकर पिकतात, साहेब." कारकून स्वतःच्याच विनोदाला हसला. नर्स दुसरीकडे बघू लागली.

डॉक्टरला संध्याकाळपर्यंत साठ ऑपरेशनांचा आकडा पुरा करायचा होता. ही एकोणसाठावी होती.

"नाव काय गं तुझं?"

"आवडी," बनुबाई म्हणाली.

आवडी तिची सून. यादीत नाव सुनेचं होतं. आणीबाणीचं शहात्तर साल होतं ते. कुडपण गावच्या उताराला कातकऱ्यांच्या नऊ झोपड्या. त्या झोपड्यांपर्यंत कधी रस्ता आला नाही, दवा आली नाही, शाळेचा मास्तर आला नाही. यादी मात्र बरोबर आली. झोपडीमागं नसबंदीला एक बाई द्या, नाहीतर झोपड्या उठवू, असं सांगून माणसं गेली. चार दिवसांनी खाली कापडे गावाच्या वाटेवर जीप उभी राहिली. वाडीतले सगळे पुरुष रानात पळाले. मिशीवाले, कोयतेवाले, सगळे. बनुबाईचा मुलगा जानू पळताना बायकोला मनगटाला धरून ओढत घेऊन गेला. आवडी रडत होती, पुनःपुन्हा मागं वळून जीपकडं बघत होती. पोरीला आपली काळजी वाटते, असं बनुबाईला वाटलं.

मग ती जीपमध्ये जाऊन बसली. "मीच आवडी," म्हणाली.

बनुबाई वाडीची सुईण. आवडीची पाचही बाळंतपणं तिच्याच हातची. त्यातली जगली एक मुलगी. बाकीची कुठली तापाने गेली, कुठली हगवणीने, एक तर रडलीच नाही. बनुबाईचा हिशेब सरळ होता. पाचांत एक जगतं. मुलगा हवा तर अजून पाच व्हायला हवीत. सरकारला हे कळत नाही, कारण सरकारची पोरं जगतात.

सुई टोचली. ज्या पोटाचं काम दहा वर्षांमागं आटपलं होतं ते फाडलं, आतल्या नळ्या बांधल्या आणि शिवून टाकलं. सुनेची कूस वाचली, एवढंच बनुबाई घोकत राहिली.

खालच्या गावातल्या शाळेच्या फरशीवर तीन दिवस बायकांना ओळीने झोपवलं. चौथ्या दिवशी शिबिर उठलं. तंबू निघाला, जीपही गेली. टाके ओले असतानाच सगळ्यांना घरी जा म्हणून सांगितलं. बनुबाई पोट दोन्ही हातांनी धरून चढण चढली. दहा पावलं टाकायची नि बसायचं. सकाळी निघालेली बाई दुपार कलताना वाडीत पोचली.

आवडी झोपडीपुढं बसली होती. ती उठली नाही.

"अगो, हात तरी दे," बनुबाई म्हणाली. "तुझ्यापायी पोट फाडून आली मी. आता भिऊ नको. तुला कोण नेत नाय."

"त्याच्याचसाठी रडते मी, आये."

"काय?"

"यादीत नाव मीच दिला व्हता. यादी करणाऱ्या नर्सबायच्या पाया पडून दिला."

बनुबाई उभी होती तिथंच खाली बसली. टाक्यांतून कळ गेली, पण ती तिला कळलीसुद्धा नाही.

"याड लागलाय तुला? कशापायी?"

"गेल्या बारीला रगात थांबत नव्हता. तू चिंध्या कोंबल्यास, ध्यानात हाय? नंतर मी लाकडाची मोळी घेऊन खाली गेली, तवा त्याच नर्सबायनं तपासला. म्हणाली, अंगात रगात नाय, पिशवी खाली आलीय. परत पोटात राहिला तर बाळंतपणात तू जगायची नायस." आवडी शांत आवाजात बोलत होती. रडून झालेल्या माणसाचा आवाज असतो तसा. "जानूला सांगितला, तो हसला. तुला सांगितला, तू म्हणालीस मी आठ बाळंतपणं काढली, मी मेली काय?"

बनुबाई तसं म्हणाली होती. हसत म्हणाली होती.

"मंग आता चल," ती धडपडत उठू लागली. "मी सांगते त्यांना. माझा नाव बनी हाय म्हणून सांगते. उघडी होऊन दाखवते. चल गो, उठ!"

"कुणाला दाखवतेस? गेली ती."

"परत येतील की! बोंब मारत हिंडतात गावोगाव. पुढच्या सालाला येतील. तवर जानूला मी बाहेर झोपवते. काठी घेऊन दारात बसते. त्याला हात लावू देत नाय तुला."

आवडीने सासूकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बनुबाईला सोपं गेलं असतं.

"नाव दिला तवा नर्सबाय म्हणाली व्हती, टेबलावर आलीस की आतला बी काढू नि पुढचा बी बंद करू. एकाच वक्ताला."

"आतला?"

आवडीने सासूचा हात उचलला आणि लुगड्याखाली आपल्या ओटीपोटावर ठेवला. शंभर पोरं काढलेला हात. त्याला विचारावं लागत नाही. बनुबाईची बोटं दाबली गेली, थांबली, पुन्हा दाबली गेली.

"तू सुईण हायस, आये," आवडी म्हणाली. "मोजून सांग. माझे किती म्हयने ऱ्हायले?"