गोलातली मोकळी जागा

बांधकामावरच्या त्या सकाळी मला अजून हव्याशा वाटतात. आठला सगळे गोल करून उभे राहायचे. बसायचं नाही, दहा मिनिटांत आटपायचं, हा साहेबांचा नियम. आज कोण कुठे काम करणार, हे प्रत्येकानं सांगायचं. शेवटी साहेब विचारायचे, "कुणाचं काही अडलंय?" मी फक्त वहीत लिहून घ्यायचो.

"भाऊसाहेब, तुम्हीही बोला की कधीतरी," समोर उभा राहणारा गवंडी चिडवायचा. "वहीला तोंड नसतं."

एका सकाळी चौथ्या मजल्यावरची फळी सैल झालेली मी पाहिली होती. एवढ्या माणसांत आपण काय बोलायचं, म्हणून गप्प राहिलो. दुपारी गवंडी त्याच फळीवरून पडला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी गोलात त्याच्या जागी कुणी उभं राहिलं नाही. तिथे सिमेंटच्या धुळीत बुटांचे दोन ठसे होते, टोकं माझ्याकडे. झाडून काढले तरी रोज सकाळी उमटायचे. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. आज आठ वाजता ती जुनी वही मायेनं चाळत बसलो होतो. सुनेनं नुकतीच लादी पुसली होती. खुर्चीसमोर, चार हातांवर, तेच दोन करडे ठसे.

"चौथ्या मजल्यावरची फळी सैल आहे," मी कसंबसं म्हणालो.

"बाबा, काय पुटपुटताय?" सून आतून म्हणाली. "जरा मोठ्यानं बोला."

मी खाली पाहिलं. नीट ऐकू न आलेला माणूस सरकतो, तसे ठसे एक पाऊल पुढे आले होते.