केसभर

आमचे हे वालीवच्या कारखान्यात लेथवर टर्नर. मोतीबिंदू काढल्यावर वर्षभरातच डोळ्यातल्या नव्या भिंगामागे साय धरली. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरच्या रेघा दिसेनात, मालकांनी पॅकिंगला बसवलं. माणिकपूरचे डॉक्टर म्हणाले, "लेझरने ती फोडू. दोन लाल ठिपके एक झाले की नेम लागला." "चूक किती चालते?" यांनी विचारलं. "केसभर चुकलं तर भिंगाला डाग पडेल." मशीनवर हनुवटी टेकवून यांनी श्वासच रोखला, लेथवर शेवटचा कट घेताना रोखतात तसा. "काका, श्वास घ्या! डोळा तेवढा हलवू नका," डॉक्टर म्हणाले. दाराशी मीही श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "दिसतंय का हो?" यांनी माझ्या खांद्यावरचा केस उचलून मायक्रोमीटरमध्ये धरला. "पॉइंट झिरो सेव्हन," म्हणाले. "अगं, हा पांढरा कधी झाला?" यांना दिसेनासं झाल्यापासून मी कलप लावणंच सोडलं होतं.