टाचा

वडिलांच्या जुन्या कोल्हापुरी चपला मी दुरुस्तीसाठी यशवंतकाकांपुढे ठेवल्या. गावातल्या सगळ्यांच्या चपला तेच शिवत. "आता ह्या मीच घालणार. मापही एकच आहे," मी म्हटलं.

आबांना जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून जो तो मला सांगे, नाक आबांचं, राग आबांचा, चालणंही थेट आबांचंच. मग ह्यात माझं काय, हा प्रश्न काही डोक्यातून जात नव्हता.

काकांनी आबांच्या चपला उलट्या केल्या. "पायातल्या काढ बघू," म्हणत माझ्याही शेजारी उलट्या ठेवल्या.

"तुझा बाप टाचेवर चालायचा. पार झिजलीय बघ. तुझी टाच कोरी अन् पुढचा तळ पातळ. पोरी, तू सारखी टाचा उचलून बघतेस तरी काय?"

त्यांनी चपला तशाच परत दिल्या. "त्याच्या चालीला सरावल्यात ह्या. जपून ठेव, घालू नको."

परतताना शाळेच्या भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या. मी लगेच डोकावले. टाळ्या कशाला ते कळण्याआधीच माझं लक्ष खाली पायांकडे गेलं.

दोन्ही टाचा हवेत होत्या.